भाऊ पोतनिसांची नाव

आमच्या देवासला नदी म्हणावी अशी नदी नाही. क्षिप्रा आहे, पण ती गावाबाहेर, आणि उन्हाळ्यात तिच्यातून म्हशीसुद्धा गुडघा न भिजवता पलीकडे जातात. नळाला एक दिवसाआड पाणी. अशा गावात भाऊ पोतनिसांनी आपल्या परसात साडेपंधरा फुटांची शिडाची नाव बांधली.

भाऊ आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी विज्ञान शिकवायचे, म्हणजे खडू माझा आणि परीक्षानळ्या त्यांच्या. पोतनिसांचं घराणं देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या दरबारातलं. आजोबा खजिन्यावर होते, वडील कचेरीत. भाऊ मात्र सतराव्या वर्षी घरात न सांगता नौदलात भरती झाले आणि पंधरा वर्षं खलाशी म्हणून काढून परत आले. ते परत आले तेव्हा आईनं त्यांना दारातच विचारलं म्हणे, "झालं का समुद्र बघून?" भाऊ म्हणाले, "बघून झाला, पण पुरला नाही."

त्यांचा चेहरा उग्र होता. भुवया जाड, आवाज मोठा, आणि चालताना पाय किंचित फाकलेले, जणू खाली जमीन हलते आहे. शाळेतली पोरं त्यांना घाबरायची आणि त्यांच्याभोवती गोळाही व्हायची. खिशात नेहमी हातभर दोरी असे. कोणी दंगा केला की ते ती त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ये गाँठ खोल के दिखा, फिर घर जा." अर्धा तास पोरगं झटायचं. गाठ सुटायची नाही. मग भाऊ एका बोटानं ती ढिली करायचे आणि त्याला ती बांधायला शिकवायचे. देवासमध्ये आज चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं अशी आहेत की ज्यांना भौतिकशास्त्राचा एक नियम आठवत नाही, पण भाऊंची गाठ डोळे मिटून बांधतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाण्याला सुट्टी नसते." प्रयोगशाळेचा नळ गळत असला तर रविवारी येऊन वायसर बदलायचे आणि हेच म्हणायचे. पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची, "पानी की छुट्टी नी होती, भिया." ते त्यांना ऐकू यायचं. ते मागे वळायचे नाहीत.

मूलबाळ नव्हतं. निर्मलावहिनी आणि ते, दोघंच. वहिनी बारीक, मऊ बोलणाऱ्या, पण भाऊंना कुठे थांबवायचं ते नेमकं ठाऊक असलेल्या. मी त्यांच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. माझं लग्न झालं नाही, आईवडील गेले, तेव्हापासून सणवार त्यांच्याकडेच. वहिनी मला धाकट्या जावेसारखं वागवायच्या. भाऊ शाळेत मला मॅडम म्हणायचे आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडताक्षणी सुधा.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी सागवानाच्या फळ्या आणल्या. दोन वर्षं परसात ठोकाठोक चालली. नाव तयार झाली तेव्हा लक्षात आलं की ती फाटकातून बाहेर निघत नाही. सगळी गल्ली बघायला आली. भाऊंनी टेप लावून तीनदा मोजलं, मग घण घेतला आणि परसाची भिंत पाडायला सुरुवात केली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भिंत मामंजींनी बांधली होती."

"मामंजींनी नाव बांधली असती तर मोठं फाटक बसवलं असतं," भाऊ म्हणाले.

ट्रकवर नाव चढली तेव्हा एका पोरानं विचारलं, "सर, ये तैरेगी क्या?" भाऊ म्हणाले, "तैरना मछली का काम है. ये चलेगी."

तिला नाव ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नावेला आणखी नाव कशाला?" आणि स्वतःच्याच कोटीवर बराच वेळ खूश राहिले.

चापडा, बागली, कन्नोद करत नाव नेमावरला पोचली. तिथे नर्मदा रुंद आहे, वारा मिळतो. आणि तिथे भाऊंना गेंदालाल भेटला. गेंदालाल केवट. घाटावर यात्रेकरूंना पात्राच्या मधे, नर्मदेची नाभी मानतात त्या जागेपर्यंत नेऊन आणायचा. पन्नाशीचा, काळा, हसताना एक सोन्याचा दात दिसायचा. त्याच्या आजाच्या वेळेला नावांना शिडं असत. नंतर डिझेलचं इंजिन आलं आणि शिडाची गोष्ट संपली. भाऊंची नाव पाण्यात उतरली तेव्हा तो काठावर बसून विडी ओढत बघत होता. भाऊंनी शीड चढवलं, नाव वळली, वारा भरला. गेंदालालनं विडी विझवली आणि कमरेइतक्या पाण्यात शिरून नावेला हात लावून म्हणाला, "सर, मेरे को भी बिठाओ."

त्या दिवसापासून सहा वर्षं ही जोडी टिकली. भाऊ पंधरा दिवसांनी एकदा बसनं जायचे, दोन दिवस राहायचे. मधल्या काळात गेंदालाल रोज सकाळी नावेत साचलेलं पाणी उपसायचा, दोर तपासायचा. दरवर्षी ज्येष्ठात, पावसाआधी, आठ-दहा माणसं लावून लाकडी रुळांवरून ती वर काढायची, अश्विनात परत पाण्यात. काढताना भाऊ स्वतः हजर असायचे. तळाला ओरखडा उठला तर ते दिवसभर कुणाशी बोलत नसत.

वहिनी त्या नावेत एकदाही बसल्या नाहीत. त्यांना पाण्याची भीती होती. त्या यायच्या, घाटाच्या पायरीवर थर्मास घेऊन बसायच्या, भाऊ मधे जाऊन परत येईपर्यंत विणकाम करायच्या. गेंदालाल खूप आग्रह करायचा. एकदा त्या त्याला म्हणाल्या, "गेंदाभैया, जब डर खतम हो जाएगा तब बैठूँगी." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, "म्हणजे कलशात."

वहिनींची किडनी माघात बिघडली. भाऊ त्या वेळी नेमावरला होते. माझा फोन गेला तसे ते नाव घाटाला बांधून, आठ दिवसांत येतो असं गेंदालालला सांगून निघाले. मग आठवड्यातून तीनदा इंदूरला डायलिसिस. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. भाऊ वहिनींच्या पलंगाशी स्टुलावर ताठ बसायचे आणि यंत्राच्या नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे टक लावून बघायचे. एकदा मला म्हणाले, "सुधा, माणूस म्हणजे सगळं पाणीच गं. फक्त वाहतं राहिलं पाहिजे."

ज्येष्ठात गेंदालालचा फोन आला. मी समोर होते. तो विचारत होता, नाव वर काढू का, माणसं तयार आहेत. भाऊ म्हणाले, "नहीं गेंदा, मेरे बिना मत निकालना. पिछली बार तला घिस गया था. मैं आता हूँ अगले हफ्ते." पुढच्या आठवड्यात वहिनींना ताप आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात रक्त चढवावं लागलं. भाऊ दर वेळी अगले हफ्ते म्हणाले. आषाढ लागला.

श्रावणात चार दिवस झड लागली. वरच्या धरणाची दारं उघडल्याची बातमी वॉर्डातल्या टीव्हीवर आली. भाऊ उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी फोन लावला. मी वहिनींचे पाय चेपत होते, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. "गेंदा, पानी बढ़ेगा. दूसरी रस्सी डाल देना. हाँ. हाँ, देख लेना." आत येऊन म्हणाले, "तो म्हणाला, फिकर मत करो सर." आणि खरंच ते त्या दिवशी जरा निवांत दिसले. दोन दिवसांनी त्यांनी परत फोन लावला, तर बंद लागला. पुरात वीज गेली असेल, असं म्हणाले. मग वहिनींचं दुखणं इतकं वाढलं की नावेचा विषयच निघाला नाही.

वहिनी भाद्रपदाच्या अखेरीस गेल्या. दहाव्याला अस्थी घेऊन भाऊ नेमावरला निघाले. मी बरोबर गेले, कारण वहिनींनी मला तसं बजावलं होतं. बसमध्ये कलश त्यांच्या मांडीवर होता, लाल कापडात बांधलेला. बागलीच्या पुढे ते पहिल्यांदा बोलले. "शीड चढवून मधे नेणार आहे तिला. गेंदाला बरोबर घेईन. वारा असला तर अर्धा तास फिरवीन."

सकाळचे अकरा वाजले असतील. पूर ओसरून गेला होता, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर अजून गाळ होता. आम्ही उतरलो आणि भाऊ थांबले.

नाव होती. वाहून गेली नव्हती. पण मला ती ओळखू आली नसती. ती एका अंगाला कलली होती, काठ पाण्यापासून वीतभर वर. बाहेरून हिरवं शेवाळ खालपासून कडेपर्यंत चढलेलं, त्याला बारीक गोगलगायी चिकटलेल्या. वरची ताडपत्री फाटून तिच्या चिंध्या डोलकाठीला गुंडाळल्या होत्या. शिडाची गुंडाळी उंदरांनी कुरतडली होती, आत कुणीतरी घरटं केलं होतं. आणि आत, बसायच्या फळीपर्यंत, काळं स्थिर पाणी. त्यावर पानं कुजत होती. एक बेडूक फळीवर बसला होता, तो आमच्या चाहुलीनं पाण्यात गेला.

भाऊंनी कलश माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि गाळात उतरले. ते पाणी बघत नव्हते, दोर बघत होते. एकाऐवजी चार दोर होते. दोन त्यांचे, दोन मासेमारीचे निळे, नायलॉनचे. त्यातले तीन वरच्या पिंपळाला पक्के बांधलेले. चौथा नावेच्या कडीला अर्धाच गुंडाळलेला होता, त्याचं टोक मोकळं पाण्यात पडलं होतं. भाऊंनी तो उचलला, हातात धरला आणि तसेच उभे राहिले. मग नावेच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. गाळाची एक रेघ होती, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

"दीड महिना झाला, इथे कुणी पाणी उपसलेलं नाही," ते म्हणाले.

"आजारी असेल गेंदालाल," मी म्हणाले.

"आजारी असता तर पोराला पाठवलं असतं. नाहीतर भावाला." त्यांचा आवाज अगदी सपाट झाला होता. "गाठ अर्धी सोडून तो कधी जायचा नाही, सुधा."

गेंदालालचा भाऊ मोहन वरून आम्हाला बघत होता. तो खाली आला. नमस्कार केला नाही. भाऊंनी विचारलं, "गेंदा कहाँ है?"

"सावन में गया," मोहन म्हणाला. "जिस दिन पानी चढ़ा उसी दिन. अपनी नाव ऊपर खींच ली थी उसने. सबकी नावें ऊपर थीं. एक आपकी ही पानी में थी."

त्यानं सगळं सांगितलं, फार शब्द न वापरता. दुपारची वेळ होती. गेंदालाल छातीइतक्या पाण्यात होता, तीन दोर बांधून झाले होते, चौथा बांधत होता. वरून झाडाचं एक मोठं खोड वाहत आलं. काठावरून सगळ्यांनी हाका मारल्या. पाण्याचा आवाज एवढा होता की त्याला ऐकू गेलं नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या वळणावर सापडला.

"मला कळवलं का नाही?" भाऊंनी हे मराठीत विचारलं, पण मोहनला ते समजलं.

"भाभी ने मना किया. बोली, उनके घर में बाई बीमार है, अभी मत बताओ."

भाऊ गेंदालालच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले, कलश छातीशी धरून. दोन खोल्यांचं घर, पुढे सारवलेली ओसरी. गेंदालालची बायको सुगनबाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून तिनं पदर पुढे ओढला आणि उठून खाट टाकली. भाऊ खाटेवर बसले नाहीत. जमिनीवर, तिच्या समोर बसले.

"सुगनबाई," ते म्हणाले, "जेठ में गेंदा नाव निकालने को बोल रहा था. मैंने नहीं निकालने दी. उस दिन फोन भी मैंने ही किया था. दूसरी रस्सी डालने को."

"मालूम है सर," ती म्हणाली. "मैं यहीं बैठी थी. वो रोटी खा रहा था. फोन रख के बोला, सर को नाव की चिंता लगी है. आधी रोटी छोड़ के गया."

चुलीवरची भाकरी करपली, ती तिनं काढून बाजूला ठेवली. भाऊंची मान खाली होती. मला वाटलं, ते रडतील. रडले असते तर बरं झालं असतं. सुगनबाईनं माझ्या हातातल्या कलशाकडे पाहिलं.

"बाई के फूल हैं?" तिनं विचारलं. आमच्याकडे हिंदीत अस्थींना फूल म्हणतात. मी मान हलवली. ती उठली, हात धुऊन आली आणि कलशाला हात लावून नमस्कार केला. मग भाऊंना म्हणाली, "पहले वो काम कर आओ. उनको कितनी देर बिठा के रखोगे?"

मोहननं आपल्या नावेतून आम्हाला मधे नेलं. भाऊंच्या नावेकडे बोट करून तो फक्त एवढंच म्हणाला, "उसमें अब यहाँ का कोई नी बैठेगा." इंजिन त्यानं लावलं नाही, वल्ही मारत नेलं. भाऊंनी कलशाचं तोंड सोडलं. जुन्या पद्धतीचे संकल्पाचे शब्द त्यांना पाठ होते. ते त्यांनी नीट म्हटले, कुठे अडखळले नाहीत. वहिनींच्या नावानंतर थोडं थांबून त्यांनी गेंदालालचं नाव घेतलं आणि ओंजळभर तिळाचं पाणी त्याच्यासाठी सोडलं. मोहननं तोंड दुसरीकडे वळवलं.

परत आल्यावर ते आपल्या नावेत उतरले आणि बादलीनं पाणी उपसायला लागले. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या. ते ऐकत नव्हते. तीन तास ते पाणी काढत होते. सत्तर वर्षांचा माणूस, दहा दिवस नीट न जेवलेला. नाव हळूहळू सरळ झाली, काठ वर आला. सगळं कोरडं झालं तेव्हा त्यांनी तो अर्धा राहिलेला दोर घेतला, पिंपळाशी नेला आणि गाठ पुरी केली. संध्याकाळच्या बसनं आम्ही परतलो.

चार दिवसांनी ते एकटेच परत गेले. सुगनबाईला विचारलं, या नावेचं काय करू? ती म्हणाली, "मेरे सामने से हटा दो, बस." भाऊंनी ती विकली नाही. धर्मशाळेत राहिले आणि अकरा दिवसांत ती मोडली. कुऱ्हाडीनं नव्हे. एकेक स्क्रू उलटा फिरवून, जशी बांधली होती तशीच मागे मागे जात. फळ्या त्यांनी स्मशानघाटावर दिल्या.

तो हिवाळा त्यांनी देवासमध्ये काढला. गावातल्या देवीच्या टेकडीवर जायचे, दर्शन न घेता बाहेर कठड्याशी बसून राहायचे. खिशातली दोरी दिसेनाशी झाली. मी डबा नेला तर जेवायचे, नाही नेला तर नाही. होळीनंतर एके सकाळी घराची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. "नेमावरला खोली घेतली आहे," म्हणाले. मी विचारलं, तिथे काय करणार? ते म्हणाले, "ठाऊक नाही. पण इथे काही करता येत नाही."

त्यांच्या मृत्यूची बातमी मला मोहनकडूनच कळली. त्याच वर्षी मार्गशीर्षात, झोपेत गेले. मी पोचेपर्यंत दहन झालं होतं. अग्नी मोहननंच दिला होता.

पण त्याआधी ज्येष्ठात मी एकदा नेमावरला गेले होते, ती माझी आणि त्यांची शेवटची भेट. भेट तरी कसली. दुपारचं ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, नदी खाली खाली गेलेली. घाटावर वीस-पंचवीस माणसं नावा वर ओढत होती. पाऊस यायला अजून तीन आठवडे होते, लोक कुरकुरत होते, एवढी काय घाई म्हणून. भाऊ घाई करत होते. डोक्याला पंचा, अंगात बनियन, खांद्यावर दोर, दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्यांच्या पुढे मोहन होता. घाटावरच्या बाईनं मला सांगितलं की मोहन त्यांच्याशी बोलत नाही, पण दोराचं टोक त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही. प्रत्येक नावेच्या मालकाकडे भाऊ वैशाखापासून रोज सकाळी जात होते म्हणे. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसले. ते दुसऱ्या दिवशी परत दारात उभे.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, पण दोर सोडला नाही. "बाजूला उभी रहा, सुधा," म्हणाले. "दोर तुटला तर लागेल."

मी सावलीला जाऊन उभी राहिले. शेवटची नाव वर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माणसं पिंपळाखाली आडवी झाली, कुणी चहा आणला. भाऊ चहाला आले नाहीत. ते काठाकाठानं चालत गेले, वर काढलेल्या प्रत्येक नावेवर हात ठेवत, ओठ हलवत. अठरा मोजल्या. टोकाला पोचल्यावर त्यांनी रिकाम्या पाण्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा पहिल्या नावेपासून मोजायला लागले.